जावयाची सायकल

कापूस बाजाराच्या कोपऱ्यावर गुडघ्याएवढा एक चौकोनी दगड होता. पुढे एक पानवाला त्यावर पोतं टाकून बसायला लागला, आणि लोकांना वाटलं दगड त्यानेच आणला. तो कोणी आणला आणि कशाला आणला, हे आता वर्धेत सांगणारं कोणी उरलं नसेल. मी आहे. आम्ही चार पोरी आणि वस्तीतल्या दोन बाया, अशा सहा जणींनी तो बैलबंडीत घालून आणला होता. कशाला, तर सायकलवरून उतरायला.

हसू आलं ना? येऊ द्या. पण आमच्या सायकली होत्या दांडीच्या, पुरुषांच्या, आणि आम्ही साडीत. साडीच्या आत भावांचे पायजमे चढवून, निऱ्या वर खोचून, घराच्या ओट्यावरून आम्ही सीटवर बसायचो. मध्येच थांबावं लागलं तर पाय जमिनीला टेकायचा नाही, सायकलसकट आडवं व्हायचं. म्हणून वाटेत दगड ठेवले. रेल्वेच्या फाटकापाशी एक, कापूस बाजारात एक, कॉलेजच्या गेटाशी एक. नगरपालिकेला विचारलं नाही, कोणाला अर्ज केला नाही. ठेवले म्हणजे ठेवले.

पोरींच्या सायकली दांडीच्या का, तेच सांगायला बसले आहे. ते माझंच कर्तृत्व.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. आमची वस्ती रेल्वे लाइनच्या पलीकडे, कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या मागे. कॉलेज पार दुसऱ्या टोकाला. पायी जायला तास, यायला तास, आणि फाटक पडलं की वरून आणखी. कापसाच्या दिवसात बंड्यांची रांग लागली की बैलांच्या तोंडापुढून वाट काढत जायचं. सायकलरिक्षा साहेबांच्या पोरींसाठी. आमच्या वस्तीतल्या निम्म्या पोरींचं शिक्षण मॅट्रिकनंतर थांबायचं. त्याचं कारण बुद्धी नव्हे, पैसाही नव्हे, ती वाट होती. "येवढ्या दूर जवान पोट्टी रोज पायदल जाईन? राहू द्या," एवढ्यावर विषय मिटायचा.

आमच्या कॉलेजात खेळ शिकवणाऱ्या बाई नागपूरहून आल्या होत्या. काळ्या, उंच, खणखणीत आवाजाच्या. स्वतः सायकलने यायच्या. त्यांनी ठरवलं की आमच्या वस्तीतल्या पोरी एका रांगेत, रोज, सायकलने कॉलेजला येतील. एकटी पोर दिसली की पोट्टे शिट्ट्या मारतात, पण बारा-तेरा जणी घंट्या वाजवत निघाल्या तर तेच बाजूला होतील, असं त्यांचं म्हणणं. सायकल मंडळ म्हणायचो आम्ही त्याला. बाईंनी आम्हाला कॉलेजच्या मैदानावर त्यांच्याच सायकलवर शिकवलं. सगळ्यात आधी आली ती माझ्या मैत्रिणीला.

ती आमच्याहून दोन घरं सोडून राहायची. बाप जिनिंगमध्ये काट्यावर, कापूस मोजणारा. तिचं डोकं असं की बाप आकडे बोलेपर्यंत हिची बेरीज तयार. बी.एस्सी. करत होती. तिला गणिताची मास्तरीण व्हायचं होतं, आणि तीसुद्धा हायस्कूलची. "प्रायमरीची कोणीही होते. मले मोठ्या पोट्ट्यायले बीजगणित शिकवाचं हाये," असं ती म्हणायची. घरात हे बोलायची सोय नव्हती, म्हणून मला सांगायची. आणि सांगताना असा काही चेहरा करायची, की जणू ती फळ्यासमोर उभीच आहे आणि पुढे पन्नास पोट्टे गप्प बसले आहेत.

सायकल शिकलो, पण सायकली कुठून आणायच्या? माझ्याकडे मामाची होती, तिसऱ्या हाताची, मडगार्ड नसलेली. बाकी कोणाकडे काही नाही. मग आम्ही घरोघर जायला लागलो. बाई, मी, आणि वस्तीतल्या दोन जाणत्या बाया. बाई म्हणायच्या व्यायाम होईल, वेळ वाचेल, पोरगी धीट होईल. बाप लोक ऐकून घ्यायचे, चहा पाजायचे आणि वाटेला लावायचे. धीट पोरगी कोणाला पाहिजे होती हो?

मैत्रिणीच्या घरी गेलो तेव्हा तिचे बाबा ओट्यावर बसून केसातला कापूस झटकत होते. "सायकल? पोट्टीले?" ते म्हणाले. "पडली, पाय मोडला, तं कोण लगन करन तिच्याशी?"

बाई उठायला लागल्या. आणि मी बोलले. कोणी सांगितलं नव्हतं, माझ्याच टाळक्यात आलं. म्हटलं, "काकाजी, पोरीच्या लग्नात सायकल तं द्याच लागन ना? घड्याळ, रेडिओ, सायकल, सगळेच मांगून राह्यले. मंग आताच घ्या. दोन-तीन वर्षं ही कॉलेजले नेईन, अन् मंग तीच जवायाले देजा. कुठी वाया चालली?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मांडीवर थाप मारून हसले. "पोट्टी हुशार हाये बाप्पा!"

आठ दिवसांत सायकल आली. दांडीची. जावयाला द्यायची म्हटल्यावर बायकी सायकल कोण घेणार?

मग काय विचारता. नळावर पाणी भरता भरता माझं बोलणं घराघरात पोचलं. जे बाप आम्हाला चहावर वाटेला लावत होते, ते स्वतः दुकानात जाऊन घंटी वाजवून पाहू लागले. तीन महिन्यांत तेरा सायकली झाल्या. माझी सोडून सगळ्या कोऱ्या आणि सगळ्या दांडीच्या. बाईंनी माझी पाठ थोपटली. मी म्हटलं, "बाई, पण कारण जरा..." त्या म्हणाल्या, "अगं, कारण कोणतंही असो. पोरी सायकलवर बसल्या ना?" मीही फुशारून गेले. वीस वर्षांची होते, आणि मोठ्या माणसांना गुंडाळलं याचा मला केवढा अभिमान!

ते दीड वर्ष मात्र खरं. ते मी कोणाला खोटं म्हणू देणार नाही. सकाळी दहाच्या सुमारास आमची रांग निघायची. सगळ्यात पुढे माझी मैत्रीण, कारण तिचा तोल पक्का. बंड्या दिसल्या की ती दुरूनच घंटी वाजवायची आणि बंडीवाले खरंच बैल बाजूला घ्यायचे. वस्तीतल्या बायांनी वार वाटून घेतले होते. ज्या कोपऱ्यावर टवाळ पोट्टे उभे राहायचे, तिथे एक बाई भाजी निवडायचं निमित्त करून बसायची, शेजारी खराटा. एकदा एकाने शिट्टी मारली, तर त्या खराट्याने त्याला फाटकापर्यंत पोचवला. पुन्हा कोणाची शिट्टी ऐकू आली नाही. फाटकापाशी सायकलचं दुकान होतं, तिथल्या चाचांनी आम्हाला पंक्चर काढायला शिकवलं. माझी मैत्रीण उतारावर पायडल सोडून द्यायची आणि मोठ्याने पाढे म्हणायची, एकोणतीसचा, सदतीसचा. येडीच होती!

पण घरात वेगळंच चाललं होतं. नव्या सायकलच्या दांडीला खाकी कागद गुंडाळलेला येतो ना, तो कोणी काढू देईना. सीटवर प्लास्टिक. रोज संध्याकाळी पोरींनी सायकल पुसून ठेवायची, आणि रविवारी तिला हात लावायचा नाही. "जवायाची हाये. जपून चालव," हे तेराच्या तेरा घरांतलं वाक्य. तेरा म्हटलं खरं, बाराच. माझी सायकल पाहून जावई पळून गेला असता.

मैत्रिणीचे बाबा तर कापसाचा धागा पाहावा तसे टायरवरून अंगठा फिरवून पाहायचे. एक दिवस म्हणाले, "घासून राह्यलं." पुढच्या महिन्यात म्हणाले, "लय घासलं." आणि मग दिवाळीनंतर म्हणाले, "आता जुनी व्हायच्या आत उरकून टाकतो. मंग नवी कोण घेईन?"

बघा. माझ्याच तोंडचं ते. मी त्या माणसाला सायकल विकत घ्यायला लावली, आणि तिच्याबरोबर पोरीच्या लग्नाची मुदतही. आमच्या वस्तीत पोरी एकोणीस-वीस-एकवीस अशा कशाही राहायच्या, स्थळ येईल तेव्हा येईल. आता टायर घासला की लग्न! ती शेवटच्या वर्षाला होती. परीक्षा एप्रिलात.

पौषात पाहुणे कळवून गेले आणि संक्रांतीनंतर पाहायला आले. समुद्रपूरकडचे, जाम फाट्याच्या पुढे गाव, चांगली शेती, मुलगा एकुलता. येणार त्या दिवशी सकाळी ती आमच्या मागच्या दाराशी आली. घाबरलेली नव्हती. हिशेब मांडावा तसं तिने सगळं मांडलं.

"पाह्य, त्यांच्या गावात बाया सायकलीवर नाई बसत. बसली तं लोक नावं ठेवते. मुलाचा बाप लय कडक हाये म्हणते. त्यायले समजलं का मी रोज सायकलीनं जातो, तं ते उठून जाईन. मंग बाबा परीक्षेपर्यंत दुसरं स्थळ आणू शकत नाई. मी सांगतलं तं बाबा मले फाडून खाईन. तू पराई हायेस, तुले कोणी काई करत नाई. ते विचारतेच. मैत्रिणीले विचारतेच. तू फक्त खरं सांगजो."

"हव," मी म्हटलं.

"पक्कं?"

"पक्कं ना वं! जा तू."

पाहुणे आले. सायकल बाहेरच्या खोलीत तेल पाजून उभी केली होती. मुलाच्या बापाने आधी सायकल पाहिली. शपथेवर सांगते, पोरीच्या आधी सायकल. खाली बसून चाक फिरवलं, ब्रेक दाबला, घंटी वाजवली. मग टायरला अंगठा लावला. तोच अंगठा, फक्त माणूस दुसरा. पोहे झाले, चहा झाला. तिला नाव विचारलं, शिक्षण विचारलं, स्वयंपाक येतो का विचारलं. आणि मग तो म्हातारा म्हणाला, "सायकल वापरेली दिसते. कोण चालवते?"

"मीच," तिचे बाबा म्हणाले. "जिनिंगमध्ये नेतो कधीमधी." त्या माणसाला सायकल हातात धरून नेतासुद्धा येत नव्हती.

म्हातारा हसला नाही. त्याने माझ्याकडे मान वळवली. मी तिच्याजवळ, दाराशी बसले होते. "काय वं पोरी, तू हिच्यासंगंच कॉलेजले जातं ना? ही चालवते काय सायकल?"

तिने डोकं वर केलं नाही, पण तिचा हात माझ्या हाताला टेकलेला होता आणि तो हलला नाही. तिचे बाबा माझ्याकडे पाहत होते. तिची आई पदर तोंडाला लावून पाहत होती. खोलीभर माणसं.

मी म्हटलं, "नाई. आमी पायदलच जातो."

तिने हात काढून घेतला.

का बोलले? याचं एक छान कारण मी कितीतरी वर्षं जवळ ठेवलं. ते असं की हे स्थळ सायकलमुळे मोडलं असतं, तर बाकीच्या अकरा सायकली दुसऱ्या दिवशी आढ्याला टांगल्या गेल्या असत्या. एका पोरीसाठी सगळं मंडळ बुडवायचं का? ऐकायला बरं आहे. बाईंनाही पटलं, त्या म्हणाल्या, "तू योग्य केलंस." पण ते मी नंतर रचलं. त्या क्षणी मंडळ माझ्या मनातसुद्धा नव्हतं. मी भ्याले. मोठ्या माणसांसमोर चांगली पोरगी दिसायची सवय होती, ती नडली. बस, एवढंच.

लग्न फाल्गुनात झालं. मांडवात भांड्यांच्या बाजूला सायकल उभी, हँडलला हार, तारांत रंगीत कागद, दोन्ही टायर नवे. दांडीवरचा खाकी कागद त्या दिवशी निघाला. आत दांडी चकचकीत होती, जणू तिच्यावर कधी कोणी बसलंच नाही. मी हळद लावायला पुढे गेले तर तिने गाल पुढे केला, डोळे नाही. वऱ्हाडाच्या गाडीत ती आत बसली आणि सायकल टपावर बांधली. परीक्षेला तिचा नंबर माझ्या शेजारच्या खोलीत होता. ते बाक तीनही आठवडे रिकामं होतं, मी रोज जाऊन पाहून येत होते. कशाला जात होते, मलाच माहीत नाही.

आणि जे मंडळ वाचवलं म्हणून मी मिरवत होते, ते दोन वर्षांत संपलं. कोणी बंद नाही केलं. एकेक सायकल एकेका जावयाकडे गेली. कोणी हिंगणघाटला गेली, कोणी पुलगावला, कोणी देवळीला. बाईंची बदली झाली. जाताना त्यांनी निरोपाच्या भाषणात आमच्या मंडळाचा उल्लेख केला, टाळ्या पडल्या. माझी तिसऱ्या हाताची सायकल कोणाला देण्यासारखी नव्हती, म्हणून माझं लग्न अडून राहिलं, म्हणून मी बी.ए. झाले, बी.एड. झाले, मास्तरीण झाले. हायस्कूलची. हे असं आहे. नशीब काढलं म्हणतात ना लोक मला, तर ते एका नसलेल्या मडगार्डाच्या जोरावर.

आठ-नऊ वर्षांनी माझी बदली समुद्रपूरला झाली. तेव्हाही मला खाज होतीच. शाळेतल्या मुलींना सायकल शिकवायची, गावोगाव आयांच्या बैठका घ्यायच्या, हे मी पुन्हा सुरू केलं होतं. जावयाचं नाव मात्र काढत नव्हते, इतपत शहाणपण आलं होतं. एक दिवस अशीच एका बैठकीहून परतताना जामला एस.टी. बदलायला उतरले. सकाळचे अकरा वाजले असतील. हॉटेलांपुढे ट्रक उभे, भज्यांचा वास, गाडीचा पत्ता नाही. आणि बोरं विकणारीच्या बाजूला ती उभी होती. डोक्यावर पदर, हातात पिशवी, आणि सात-आठ वर्षांची एक पोरगी, डोळे अगदी आईचे.

मी धावत गेले. म्हटलं, "कशी आहेस वं?"

"बरी हावो." तिने मला वरून खालपर्यंत पाहिलं, पर्स पाहिली, छत्री पाहिली. "मास्तरीण झाली म्हणे तू."

"हो. इथेच, समुद्रपूरला."

"कायची?"

"मराठीची."

ती थोडी हसली. "बरं हाये."

मग मी आपली बडबडत सुटले. शाळेत मुलींना सायकल शिकवते, तुझ्या पोरीला पाठव, सुटीच्या दिवशी मीच शिकवीन, असं बरंच काही. तिच्याकडची ती सायकल आहे का, तेही विचारलं. "हाये ना. वखराच्या बाजूले उभी हाये. यायनं फटफटी घेतली. चाकातली हवा गेली, कोण भरते?" ती म्हणाली.

पोरगी इतका वेळ आईचा पदर ओढत होती. आता तिने मलाच विचारलं, "मावशी, तू वर्धेची हायेस काय? माही माय म्हणते, ते वर्धेले सायकल चालवे. सगळ्यायच्या पुढं. खरं हाये काय?"

मी तोंड उघडायच्या आत तीच पुढे म्हणाली, "बाबा म्हणते, माय फेकते. मायले सायकल येतच नाई. तिच्या मैत्रिणीनंच आबाजीले सांगतलं होतं, का आमी पायदल जातो म्हणून."

आठ वर्षं. आठ वर्षं त्या घरात माझं वाक्य पुरावा म्हणून वापरात होतं. तिने तोंड उघडलं की ते तिच्यापुढे टाकायचं.

मैत्रिणीने पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि पहिल्यांदा सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं. "हेच ते मैत्रीण. विचार तिले."

मी खाली वाकले. आणि सांगितलं. "तुझी माय खरं बोलते. सगळ्यांच्या पुढं हीच असायची. बंडीवाले हिच्या घंटीला बाजूला व्हायचे. उतारावर हात सोडल्यासारखी जायची आणि पाढे म्हणायची. हिच्यासारखी सायकल वर्धेत कोणी चालवत नव्हतं."

"आता सांगून राह्यली," मैत्रीण म्हणाली. आवाज चढवला नाही, काही नाही.

पोरगी एकदा तिच्याकडे पाहत होती, एकदा माझ्याकडे. "मंग तवा काऊन नाई सांगतलं मावशी?"

तेवढ्यात समुद्रपूरची गाडी लागली. लोक दाराकडे धावले, कोणीतरी माझ्या पाठीला धक्का दिला. मी तिथेच उभी. पोरीला उत्तर पाहिजे होतं, आणि ती आईसारखीच, मिळेपर्यंत नजर काढत नव्हती.

मैत्रिणीने तिचा हात धरला आणि पिशवी खांद्याला लावली. "चाल वं," ती म्हणाली. "ऊन होऊन राह्यलं. आपल्याले पायदल जाचं हाये."